दुसऱ्या ओळीतलं तिसरं टिंब

मुरगूड
१२ जानेवारी २०२५

चि. वल्लरीस तानामावशीचा पोटभर आशीर्वाद.

तू दिलेली साडी नेसून शेजारच्या लग्नाला जाऊन आले. रंग जरा पोरीबाळींचा हाय. नातसून वर्षाराणी म्हणली, "आजी, नेसा की, कोण बगालंय?" कोण बगत न्हाय तर मग नेसायची कशाला, म्हणलं. पर नेसले.

फोन करत न्हाय. मला ऐकू येत न्हाय, आन मी बोलले की आख्ख्या गल्लीला ऐकू जातंय. तुमी आमच्यात भाड्यानं ऱ्हायलासा तवा तुझ्या आईनं रोज दुपारी बसवून मला अक्षर शिकिवलं, ते असल्या येळंला कामी येतंय. मोतीबिंदूनं बारीक दिसत न्हाय म्हणून मोठं मोठं काढालीया. कागद जातोय तर जाऊ दे.

काम असं हाय. दिवाळीत तू आलतीस तवा माळ्यावरचे चांदीचे काटे-चमचे बघून खुळी झालीस. आमचे मामंजी, गणपतराव, बंगल्यावर आचारी व्हते. साहेब विलायतेला जाताना त्येंच्या पदरात टाकून गेला. आमी त्या काट्यानं वांगी टोचत व्हतो. तू म्हणलीस, मावशी, मी ह्याचे दागिने करते. म्हणलं, खुशाल ने. नातवानं, राजवर्धननं, गठुळं तुझ्या घरी पोचिवलं.

त्या गठुळ्यात एक बारका चमचा चुकून गेलाय. वर्षाराणीनं देवाची फळी आवरताना त्यो बी घातला; मी कवापासनं घरभर हुडकत व्हते, काल तिला आठवलं. तिला काय ठावं, नवी पोर. त्यो माळ्यावरचा न्हवं, देवाजवळचा. दांड्याच्या मागल्या अंगाला टिंबंटिंबं हायत बग. आमच्या घरातल्या पोरांचं उष्टावण त्याच चमच्यानं व्हतंय. लोक अंगठीनं खीर चाटवत्यात, आमच्यात सासूबाईंपासनं ह्यो चमचा. ज्या लेकराला पयला घास दिला, त्याच्या नावाचं एक टिंब सोनार खिळ्यानं मारतोय. एवढ्याशा दांड्यावर नाव घालायला जागा कुठली, म्हणून टिंब.

राजवर्धनच्या अमरसिंहाला सहावा म्हैना लागला. १६ फेब्रुवारीला, रविवारी, उष्टावण धरलंय. तेवढा चमचा लावून दे. बाकीच्याचं काय बी कर, कानात घाल न्हायतर नाकात घाल.

तुझी तानामावशी

---

(लिहिलं, पाकिटात घातलं, पेटीत टाकलं नाही)

राजारामपुरी, कोल्हापूर
१८ जानेवारी २०२५

तानामावशी,

चमचा नाही. डिसेंबरातच कापला.

तुझ्या गठुळ्यातला तोच सगळ्यात नाजूक होता, दांड्यावर वेल कोरलेली. म्हणून मी पहिल्यांदा त्यालाच हात घातला. वाटीचा भाग कापून बाजूला ठेवला आणि दांडा गोल वळवून अंगठी केली. अंगठी करताना वेल वर येते आणि मागची बाजू आत, बोटाला लागते. मागे टिंबं होती. मला वाटलं, चांदीला पडलेले खड्डे. बोटाला टोचतील म्हणून मशीनवर धरली आणि गुळगुळीत करून टाकली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नाताळच्या प्रदर्शनात ती पहिल्याच दिवशी गेली. कुणी घेतली तेही आठवत नाही. सोबत मी कार्ड लिहून दिलं होतं, "साहेबाच्या टेबलावरून तुमच्या बोटात." त्या कार्डावर साहेब होता, बंगला होता. तू नव्हतीस, गणपतराव नव्हते.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी वाटतं, आता खाली काहीतरी वेगळं लिहिलेलं असेल. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी मोजले नाहीत, थेट कापून विकला. मला माफ कर असं लिहायलाही

---

राजारामपुरी, कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

प्रिय तानामावशी,

नमस्कार, आणि अमरसिंहाच्या गालाचा एक पापा.

साडीचा रंग पोरीबाळींचाच आहे, मुद्दाम घेतला. तू काय म्हातारी आहेस होय?

चमचा माझ्याकडे सुखरूप आहे, अजिबात काळजी करू नकोस. कपाटात वेगळा ठेवलाय. फक्त फार काळा पडलाय, म्हणून म्हटलं उष्टावणाआधी जरा पॉलिश करून देते. लेकराच्या तोंडात जायचा आहे. दहा तारखेपर्यंत राजवर्धनकडे देते, तो कोल्हापूरला येतोच दर आठवड्याला.

इकडे सगळं ठीक. काम खूप आहे, काट्यांची हातातली कडी लोकांना फार आवडतायत. टेबलावर बसून बसून मान आखडते एवढंच.

तुझी वल्लरी

---

मुरगूड
२७ जानेवारी २०२५

चि. वल्लरीस तानामावशीचा आशीर्वाद, आन एक धपाटा.

पॉलिश बिलिश करू नगंस. तुमच्या त्या मशीनवर धरलास तर टिंबं पुसतील. चिंच लाव, राखेनं घास, धू, आन दे. काळा असला तर असू दे, आमची समदी पोरं काळ्या चमच्यानंच वाढली. जिभा तेवढ्या लांब झाल्या, त्येला चमच्याचा काय दोष.

आन तुला एक सांगायचं ऱ्हायलं. त्यातलं एक टिंब तुझं हाय. तू हितंच आमच्या सोप्यात रांगालतीस. तुझं उष्टावण करायचं तर तुझी आई म्हणली, आमच्यात अंगठीनं करत्यात. मी म्हणलं, बाई, पोर आमच्या घरात जलमली, ती आमच्या चमच्यानं खाणार. हसली बिचारी आन दिलीन माझ्या मांडीवर. तांदळाची खीर व्हती. पयला घास तू माझ्याच अंगावर थुकलीस.

तुझं टिंब कंचं ते मी सांगणार न्हाय. आल्यावर दाखीवन. एकूण किती हायत ते मात्र इचारू नगंस. पोरं मोजू नयेत, सासूबाई म्हणायच्या, म्हणून आजवर कुणी मोजली न्हाईत.

उष्टावणाला येणार न्हवं? यायलाच पायजे.

तुझी तानामावशी

---

राजारामपुरी, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय तानामावशी,

चमचा राजवर्धनकडे दिलाय. मऊ फडक्यात गुंडाळलाय, उघडताना सांभाळून.

तुझं पत्र यायच्या आत पॉलिश करून झालं होतं गं. टिंबं जपून केलं, एकही गेलेलं नाही, बघ हवं तर. काळेपणा गेल्यामुळे नवा वाटेल, हाताला थोडा वेगळा लागेल. चांदीचं तसंच असतं.

मला यायला जमणार नाही. त्याच दिवशी पुण्याला प्रदर्शन आहे, टेबलाचं आधीच ठरलंय. माझ्या वाटचा एक घास त्याला तू दे.

माझं टिंब बघायला मी पुन्हा कधीतरी येईन.

तुझी वल्लरी

---

मुरगूड
२४ फेब्रुवारी २०२५

चि. वल्लरीस आशीर्वाद.

उष्टावण झालं. मामाच्या मांडीवर बसून अमरसिंहानं खीर खाल्ली, थुकला न्हाय, तुझ्यापरीस शाणा निघाला. चमचा बघून पावणं म्हणत्यात, तानाबाई, नवा केलासा काय? म्हणलं, आमची वल्लरी हाय कोल्हापुरात, कारागीर हाय, तिनं उजळून दिलाय. लई मिरवलं तुझ्या नावानं. दुसऱ्या दिवशी सोनाराकडनं अमरसिंहाचं टिंब मारून आणलं.

आता जे लिवालीया ते आजवर कुणाला बोलले न्हाय. राजवर्धनच्या बाला सुदीक न्हाय.

माझी पयली पोर क्रांती. ९ ऑगस्टला झाली म्हणून मामंजींनी नाव क्रांती ठेवलं. अडीच वर्साची व्हती तवा हगवण लागली. बैलगाडीत घालून कोल्हापूरला निघालो, वाटंतच गेली. फोटू काढलेला न्हाय. तवा फोटू कोण काढतंय? तिची झबली सासूबाईंनी नदीत सोडली. मागं ऱ्हायलं ते चमच्यावरचं टिंब. दुसऱ्या ओळीतलं तिसरं.

देवाजवळ दिवा लावताना रोज मी त्या टिंबावर अंगठा फिरवायची. घरातल्यास्नी वाटायचं, बाई हात जोडालीया. अठ्ठेचाळीस वर्सं झाली. फिरवून फिरवून ते झिजलं. डोळ्याला दिसत न्हवतं, पर अंगठ्याला लागायचं, बारीक खळगा. डोळं गेलं तरी तेवढं लागायचं.

परवा चमचा देवाजवळ ठेवताना अंगठा फिरवला. न्हाय लागलं. पयलं, दुसरं लागलं, चौथं बी लागलं. मधी निस्तं गुळगुळीत. डाव्या अंगठ्यानं बघितलं, नखानं बघितलं. न्हाय.

तुला बोल लावत न्हाय हं. पॉलिशनं उरलंसुरलं गेलं आसंल, पर झिजिवलं तर मीच. लेकराला जपायच्या नादात मीच पुसून टाकली. कुणाला सांगू? लाज वाटती सांगायची. आई म्हणवून घेती आन तेवढं एक टिंब सांबाळता आलं न्हाय. तू कारागीर हायस म्हणून तुला इचारती, झिजलेलं टिंब परत त्याच जागी उठवता येतंय का? त्याच जागी पायजे. येत नसंल तर तसं सांग, मन मारीन.

हे पत्र फाडून टाक.

तानामावशी

---

राजारामपुरी, कोल्हापूर
१ मार्च २०२५

तानामावशी,

तू पुसलं नाहीस. मी पुसलं.

सोबत एक जुनं पत्र आहे, १८ जानेवारीचं, अर्धवट. ते आधी वाच. ते तेव्हाच टाकायला हवं होतं. पाकिटावर तिकीट लावून पेटीपर्यंत गेले होते आणि परत आले. पेटीसमोर मला तुझं तोंड दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी मी ते खोटं पत्र लिहिलं. लिहिताना एक शब्दसुद्धा अडला नाही, याचीच आता किळस येते.

तुझ्या देवाजवळ आहे तो चमचा तुमचा नाही. हुपरीच्या एका कारागिराकडून ओतून घेतला. कापण्याआधी मी प्रत्येक वस्तूचे दोन्ही बाजूंनी फोटो काढते. त्या फोटोत मागची बाजू मोठी करून मी टिंबं मोजली. मोजू नयेत असं तू लिहिलंस, तेव्हा माझी मोजून झाली होती. तेवीस. तेवीस टिंबं मी माझ्या हाताने मारली, जागच्या जागी, फोटोत होती तशी हुबेहूब. दुसऱ्या ओळीत दोन टिंबांच्या मधे एक जागा रिकामी दिसली. मला वाटलं, सोनाराचा हात सुटला असेल. ती रिकामी जागाही मी तशीच उतरवली आणि स्वतःवर खूश झाले, की मावशीला जन्मात कळणार नाही.

ती जागा रिकामी नव्हती. तिथे क्रांती होती. तुझ्या अंगठ्याने ती झिजली, पण होती. मशीनवर धरून मी ती घालवली, आणि तुला पॉलिशचं सांगितलं. आता तू स्वतःला बोल लावून घेतेस आणि मला विचारतेस, परत उठवता येईल का.

नाही येत, मावशी. असतं तेच उठवता येतं.

पुण्याचं प्रदर्शन नव्हतंच. त्या रविवारी मी घरात पडदे ओढून बसले होते. त्या सोप्यात उभं राहायचं मला धाडस नव्हतं. तुझ्या पावण्यांपुढे तू माझ्या नावाने मिरवलंस हे वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चमचा चुकून कापला गेला, ते एक वेळ समजून घेशील. पण नंतर महिनाभर मी जे केलं ते चुकून नव्हतं. माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही. तू स्वतःला दोष देऊ नयेस, एवढ्यासाठी लिहिलं.

वल्लरी

---

राजारामपुरी, कोल्हापूर
११ एप्रिल २०२५

तानामावशी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललेले नाही.

अंगठी सापडली. प्रदर्शनात आलेल्यांच्या वहीतली नावं घेऊन एकेकीला गाठत होते. शेवटी निघाली ती आमच्याच इथे, दोन गल्ल्या सोडून, दाताच्या डॉक्टर आहेत, श्यामलाताई. दवाखान्यात रांगेत बसले, नंबर आल्यावर खुर्चीत बसायचं सोडून उभीच राहिले. म्हटलं, दात नाही दुखत, तुमच्या हातातली अंगठी परत हवी आहे. का, ते सगळं सांगितलं. बाहेर पेशंट ऐकत होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. त्यांनी साबण लावून अंगठी काढली आणि हातात ठेवली. पैसे घेईनात. मी दिलेलं कार्डही त्यांनी जपून ठेवलेलं होतं, ते परत दिलं. एवढंच विचारलं, "त्यांना सांगितलंत ना?" हो म्हणताना मला पहिल्यांदा थोडं ताठ उभं राहता आलं.

अंगठी राजवर्धनबरोबर पाठवते आहे. वाटीचा कापलेला भाग माझ्याकडेच होता, तोही आहे. राजवर्धनला काही सांगितलेलं नाही, तुझी वस्तू आहे एवढंच म्हटलं. अंगठीचा वेढा उघडा आहे, सरळ करता येतो. म्हणशील तर वाटीला परत जोडून चमचा करते. आतली बाजू मात्र आहे तशीच राहील.

उरलेले काटे-चमचेही पाठवलेत. एकालाही आता हात लावलेला नाही.

वल्लरी

---

मुरगूड
४ मे २०२५

वल्लरी,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पयलं वाचलं आन चुलीत घालायला उठले. घातलं न्हाय. तुझ्या आईनं शिकिवलेलं अक्षर, आन त्याच अक्षरानं मला असलं पत्र वाचाय लागलं. ती असती तर काय म्हणली असती, ह्येच डोसक्यात फिरत ऱ्हायलं.

दोन म्हैने लिवलं न्हाय कारण लिवण्यासारखं तोंडात काय चांगलं येत न्हवतं. वाईट लई आलं. ते लिवायची मला सवय न्हाय.

घरात कुणाला सांगितलं न्हाय. तुझ्यासाठी न्हवं. उष्टावणाला एवढी मिरवलेली मी, आता कुठल्या तोंडानं सांगू? आन वर्षाराणीला कळलं तर ती जन्मभर म्हणत बसंल, माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं. एकटीनं म्हणलं तेवढं पुरे झालं. आठ दिवस मी बी तेच म्हणालते. तुझं पत्र आलं तवा पयल्यांदा राग न्हाय आला, आधी बरं वाटलं. मी न्हाय पुसली, म्हणलं. मग राग आला. बरं वाटल्याची बी मग लाज वाटली.

चमचा हातात घेतला तवाच हलका लागलता. अंगठ्याला कळलं व्हतं, मी आयकलं न्हाय. तू खोटं बोलशील असं मनात आलं न्हाय, म्हणून आयकलं न्हाय.

त्यो नवा चमचा देवाजवळच ऱ्हाऊ दे. त्यावर अमरसिंहाचं टिंब हाय, त्या लेकरानं काय गुन्हा केलाय. फुडच्या पोरांचं त्याच्यावरच मारू. जुना परत जोडू नगंस. तुटलेलं जोडलेलं लपत न्हाय.

अंगठी माझ्या करंगळीत बसती. आतनं अंगठा घालून बघितला, काय लागलं न्हाय. दुसऱ्या दिवशी परत बघितला. खुळी सवय हाय, सुटत न्हाय.

तर असं कर. तू ये. तुझा खिळा आन हातोडी घेऊन ये. सोनाराकडं मी जात न्हाय, त्यो धा प्रश्न इचारंल. माझ्या फुड्यात बसून अंगठीत आतनं एक टिंब मार, बोटाला लागंल असं. क्रांतीचं. एकच मार. बाकीच्यास्नी घरं हायत, दारं हायत, फोटू हायत. तुला बी हायत. तिला कायसुदीक न्हाय. मग मी घालीन ती बोटात, आन जेवढी वर्सं ऱ्हायल्यात तेवढी झिजवीन.

सकाळच्या एसटीनं ये. दुपारची परतीला हाय.

आमच्या घरातनं आजवर कुणी उपाशी गेलेलं न्हाय, तुला ठावं हाय. पर जेवायला थांब, असं मी म्हणणार न्हाय. अजून म्हणवत न्हाय.

तानाबाई